घाण्याचं तेल: काय मिळतं, काय मिळत नाही

माउंट रॉस्किलमध्ये स्टॉडर्ड रोडला किंवा डॉमिनियन रोडला वाणसामान घ्यायला गेलात, की तेलाच्या फळीसमोर दोन मिनिटं थांबून बघा. खालच्या कप्प्यात पाच-पाच लिटरचे रिफाइंड तेलाचे डबे असतात आणि वर, नजरेच्या उंचीवर, ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘लाकडी घाणी’, ‘कच्ची घाणी’ असं लिहिलेल्या बाटल्या. त्यांची किंमत खालच्या तेलाच्या दुप्पट-तिप्पट. आपल्यापैकी कितीतरी जण एक बाटली उचलतात, किंमत बघतात, परत ठेवतात, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा निरोप आठवून पुन्हा उचलतात. आज त्या बाटलीबद्दल बोलू. माझा धंदा कॉम्प्युटरचा, तेलाचा नव्हे. पण जास्त पैसे मोजायचे तर बदल्यात काय मिळतं हे बघायची सवय मला आहे, म्हणून या विषयात जरा खोल गेलो.

आधी घाणा म्हणजे काय ते बघू. मोठ्या उखळासारखं लाकडी पात्र आणि त्यात तिरका बसवलेला जाड दांडा. बैल गोल फिरतो तसा दांडा फिरतो आणि दाणे पात्राच्या भिंतीवर रगडले जातात. रगडताना अधूनमधून थोडं पाणी शिंपडतात, म्हणजे पेंड घट्ट धरते आणि तेल सुटतं. आता बैलाच्या जागी मोटर आली, पण फेरा तसाच संथ. घर्षणाने तेल कोमट होतं, साधारण ४० ते ५० अंशांपर्यंत. मग ते भांड्यात निवत ठेवतात, गाळ खाली बसला की वरचं तेल काढून घेतात. एवढंच. घाणा लाकडाचाच असला पाहिजे असंही नाही. फेरा संथ हवा आणि तेल तापता कामा नये.

कारखान्यातला रस्ता वेगळा आहे. तिथे बी आधी तापवतात, मोठ्या दाबाने पिळतात, आणि पेंडीत उरलेलं तेल हेक्सेन नावाच्या द्रावकाने धुऊन काढतात. मग त्या तेलातला चिकटा काढायचा, आम्ल काढायचं, रंग काढायचा आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून वासही काढून टाकायचा. हाती येतं ते पाण्यासारखं, बिनवासाचं आणि बरेच दिवस टिकणारं तेल. यात हेक्सेन उडून जातो, आणि असं तेल म्हणजे विष आहे असं जे निरोपांमधून फिरतं ते खरं नाही. पण दाण्याचा वास, चव, ई जीवनसत्त्वाचा काही भाग आणि इतर काही उपयोगी घटक त्या प्रवासात नक्कीच गळतात.

‘कोल्ड प्रेस्ड’ या शब्दाला नियम आहे का? आंतरराष्ट्रीय अन्नमानक, म्हणजे कोडेक्स, एवढंच सांगतं की तेल फक्त यांत्रिक पद्धतीने, बाहेरून उष्णता न देता काढलेलं असावं आणि ते शुद्ध करायला धुणं, निवळणं, गाळणं आणि चक्रयंत्रात फिरवणं एवढंच चालेल. अंशांचा आकडा त्यात नाही. ऑलिव्ह तेलाला युरोपात २७ अंशांची मर्यादा आहे, पण ती ऑलिव्हपुरती. तेव्हा बाटलीवरच्या या दोन शब्दांमागे तेल काढणाऱ्याचा प्रामाणिकपणा बराच असावा लागतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण या तेलाची खरी गोम तिथे सापडते. कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, बेने इस्राएली लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी. पिढ्यान् पिढ्या तेल गाळायचा धंदा करत, आणि शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. ज्यांचा घाणा सोमवारी बंद असायचा ते ‘सोमवार तेली’. गावाला लोकांची ओळखच घाण्याच्या सुट्टीवरून होती, याचा अर्थ बाकीचे सहा दिवस घाणा चालू होता. तेल रोज निघत होतं, आणि गिऱ्हाईक भांडं घेऊन जाऊन चार-आठ दिवसांपुरतं आणत होतं. सहा महिन्यांचं तेल साठवून ठेवायची ना ऐपत होती ना गरज.

पुढे यंत्रं आली, वनस्पती तूप आलं, आणि गावचा घाणा मागे पडायला लागला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस, आणि मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत. तिथे झवेरभाई पटेलांनी जुन्या घाण्यात सुधारणा केल्या, म्हणजे बैलाला ओझं कमी आणि तेलाचा उतारा जास्त. तो ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर ओळखला जाऊ लागला. उद्देश तब्येतीपेक्षाही रोजगाराचा होता: गावचं बी गावात, पेंड गावच्या गुरांना आणि तेलाचे पैसे गावच्या तेल्याला. आज पुण्या-नाशकात गल्लोगल्ली जे मोटरचे लाकडी घाणे दिसतात, ते त्या जुन्या कामाचे दूरचे वारस म्हणायला हरकत नाही.

तर गोम ही, की घाण्याचं तेल ताजं असेल तर त्याला तोड नाही आणि शिळं झालं तर त्यात काही अर्थ नाही. आणि आपण राहतो ऑकलंडला. इथे येणारं घाण्याचं तेल आधी भारतात गोदामात बसतं, मग बोटीने विषुववृत्त ओलांडतं, मग इथल्या गोदामात आणि शेवटी दुकानाच्या फळीवर, बहुतेक वेळा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत, ट्यूबलाइटखाली.

हा धडा मी पैसे भरून शिकलो. एकदा ‘मोठा डबा घेतला की लिटरमागे स्वस्त पडतं’ असा अगदी एमबीएला शोभणारा हिशेब करून शेंगदाण्याचं घाण्याचं तेल पाच लिटर घेतलं आणि गॅसशेजारच्या कपाटात ठेवलं. तिसऱ्या महिन्यात आई भारतातून आली. पहिल्याच दिवशी फोडणी करताना म्हणाली, “अरे, हे तेल खवट झालंय.” मी म्हटलं, घाण्याच्या तेलाला वास असतोच. तिने काही न बोलता तळहातावर दोन थेंब घेतले, दुसऱ्या हाताने चोळले आणि हात माझ्या नाकाशी धरला. शेंगदाण्याचा वास नव्हताच. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास होता. निम्म्याहून जास्त डबा टाकून द्यावा लागला. लिटरमागे वाचवलेले सगळे डॉलर असे गेले.

ती तळहाताची परीक्षा तुम्हीही करा. चोळल्यावर तेल कोमट होतं आणि लपलेला वास वर येतो. ताज्या तेलाला त्या त्या बियांचा वास येतो, आणि खवट तेल, मग ते कशाचंही असो, ओल्या पुठ्ठ्यासारखं किंवा रंगासारखं वास मारतं.

तेल खवट होतं ते हवा, उजेड आणि उष्णता यांमुळे, पण सगळी तेलं सारख्या वेगाने होत नाहीत. तेलात वेगवेगळी स्निग्धाम्लं असतात. ऑलिव्ह आणि अ‍ॅव्होकाडोमध्ये भरपूर असणारं ओलेइक आम्ल बऱ्यापैकी टिकाऊ. करडईत साधारण तीन-चतुर्थांश असतं ते लिनोलेइक, आणि ते हवेशी दहा-बारा पट वेगाने बिघडतं. जवसात निम्म्याहून अधिक असतं ते लिनोलेनिक, म्हणजे ज्याला आपण ओमेगा-३ म्हणून शोधत असतो, ते त्याहूनही नाजूक. रंगवाले जवसाचं तेल वापरतात ते याचसाठी: हवा लागली की ते वाळून कडक होतं. म्हणून जवसाचं तेल लहान, गडद बाटलीत घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा, आणि तापवू तर नकाच. शेंगदाणा मधे कुठेतरी बसतो. तिळात स्वतःचे रक्षक घटक असल्यामुळे ते त्या मानाने चिवट. खोबरेल सगळ्यांत टिकाऊ.

खोबरेलाचं नाव निघालं म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. घाण्यात काढलं म्हणून तेलातली स्निग्धाम्लं बदलत नाहीत. घाण्याच्या शेंगदाणा तेलात आणि रिफाइंड शेंगदाणा तेलात त्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. आणि हृदयाच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा फरक पाडतं ते हेच प्रमाण. खोबरेल थंड पद्धतीने काढा नाहीतर गरम, त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त स्निग्ध पदार्थ असतातच. न्यूझीलंडच्या हार्ट फाउंडेशनने यावर संशोधनाचा आढावा घ्यायला लावला होता. लॉरेन्स आयर्स आणि सहकाऱ्यांचं ते काम २०१६ मध्ये ‘न्यूट्रिशन रिव्ह्यूज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की खोबरेल तेल लोण्याइतकं नाही, पण इतर असंपृक्त वनस्पती तेलांपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल वाढवतं. तेव्हा सोलकढी, आमटी जरूर करा, नारळाचं वाटण घाला. पण घरात कोणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल आणि ‘कोल्ड प्रेस्ड आहे ना’ म्हणून रोजचा स्वयंपाक खोबरेलात चालू केला असेल, तर डॉक्टरांशी बोला. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तर तेल बदललं म्हणून कोणीही परस्पर बंद करू नयेत. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल नाही’ लिहिलेलं असतं त्यालाही भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात ते नावापुरतंच असतं. आणि उष्मांक? ग्रॅमला ९ किलोकॅलरी, घाणा असो की कारखाना. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी.

मग जास्त पैसे कशासाठी द्यायचे? माझं उत्तर: चवीसाठी, आणि जिथे तेल कच्चं खायचं तिथे. आपल्याकडे कच्च्या तेलाचे पदार्थ थोडे नाहीत. भाकरीबरोबर लाल तिखट, मीठ आणि वरून तेलाची धार. पिठल्यात मधोमध खळगा करून ओतलेलं तेल. लावलेले पोहे. खलबत्त्यात कुटलेली कारळ्याची किंवा जवसाची चटणी कालवायला चमचाभर. ठेचा. या सगळ्यांत रिफाइंड तेल म्हणजे नुसता ओलेपणा. घाण्याचं तेल हा स्वतः एक पदार्थ आहे. सोलापूर-लातूरकडच्या मंडळींना करडईच्या तेलाची आठवण येते ती अशाच पदार्थांबरोबर. करडईचं झाड काटेरी, काढणीला मजूर मिळेनात, हेही तिचा पेरा घटण्याचं एक कारण. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले ते यासाठीच.

फोडणीलाही घाण्याचं तेल चालतं, फक्त धूर निघू देऊ नका. मोहरी तडतडली की हिंग-हळद घालून लगेच पुढचं जिन्नस टाका. तळणीचा प्रश्न थोडा वेगळा. तळायला १७५ ते १९० अंश लागतात. न गाळलेलं, गाळ असलेलं तेल १६० च्या आसपासच धुरायला लागू शकतं आणि फेसही येतो. आपल्या आज्या त्यातच पुऱ्या तळत होत्या हे खरं, पण त्यांचं तेल आठ दिवसांपूर्वीचं होतं आणि पुऱ्या सणासुदीला होत होत्या. दिवाळीच्या चकल्यांचे दोन-तीन घाणे काढायचे तर मी सरळ रिफाइंड तेल वापरतो आणि महागाचं तेल चटणीसाठी राखतो. यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

आता किंमत. घाण्यातून एक लिटर शेंगदाणा तेल काढायला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात; दाण्यात तेल निम्म्याच्या आसपास असतं आणि काही पेंडीत राहतं. करडईला जाड टरफल, म्हणून तिथे चार किलोच्या आसपास बी. आता तुमच्या दुकानात दाण्यांचा भाव किलोला ५ डॉलर आहे असं धरा. म्हणजे लिटरला निदान सव्वाअकरा डॉलरचे दाणे. घाऊक भाव कमी असतो, पेंड विकून थोडे पैसे सुटतात, हे मान्य. पण मजुरी, बाटली, बोटीचं भाडं आणि दुकानदाराचा नफा धरूनही ‘लाकडी घाणी’चं तेल दाण्यांच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर दुकानदाराला विचारायला हवं की हे जमतं कसं. हा हिशेब फळीसमोर उभं राहून फोनवर अर्ध्या मिनिटात होतो.

दाणे चांगले असणंही गरजेचं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. त्याचा बराचसा भाग पेंडीत जातो, थोडा तेलात येतो. रिफायनिंगमध्ये तो निघून जातो. घाण्यात निघत नाही. म्हणून तेल ओळखीच्या, जबाबदार ठिकाणचं घ्या, आणि घरी छोटं यंत्र आणून तेल काढणार असाल तर काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे आधी निवडून टाका.

एक प्रश्न नेहमी येतो: इथे मोहरीच्या तेलावर ‘फक्त बाहेरून वापरासाठी’ असं का लिहितात? मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल असतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा हृदयाच्या स्नायूंवर परिणाम दिसला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नमानकात खाद्यतेलासाठी त्याची मर्यादा २ टक्के आहे, आणि नेहमीच्या मोहरीच्या तेलात ते याच्या कितीतरी पट असतं. म्हणून ते मालिशचं तेल म्हणून विकतात. आपल्या बंगाली आणि पंजाबी शेजाऱ्यांना हे पटत नाही, पिढ्या त्यावर वाढल्या आहेत. पण मालिशसाठी म्हणून विकलेलं तेल खाद्यतेलाच्या कसोट्यांतून गेलेलं असेलच असं नाही, एवढं तरी लक्षात ठेवा. मोहरीच्याच कुळातलं, पण इरुसिक आम्ल नगण्य असलेलं रेपसीड दक्षिण बेटावर कँटरबरीत पिकतं आणि त्याचं थंड पद्धतीने काढलेलं तेल सुपरमार्केटात मिळतं. तिखट झणका नाही, पण रंग सोनेरी आणि चव थोडी सुक्यामेव्यासारखी.

आणि हो, इथलं आणखी एक तेल आपल्या हाताशी आहे. अ‍ॅव्होकाडोचं थंड पद्धतीचं तेल खाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर काढायला न्यूझीलंडने १९९० च्या दशकाअखेरीस सुरुवात केली. ते बियांतून नाही, गरातून काढतात: गर ५० अंशांच्या आत घुसळायचा आणि चक्रयंत्रात तेल वेगळं करायचं. त्यातलं हरितद्रव्य उजेडात तेल बिघडवतं, म्हणून बाटली गडद. कोशिंबिरीवर घालून बघा, काकडीच्या खमंग काकडीवर फार छान लागतं. बोटीतून आलेल्या तेलापेक्षा इथलंच ताजं तेल घेणं हे मला त्या जुन्या तेल्याच्या रीतीच्या जास्त जवळचं वाटतं.

आता ज्यासाठी आजचा विषय मुळात घेतला, ती गोष्ट. रिफाइंड शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या तेलात ती राहतात. ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना या तेलाने जिवावर बेतू शकतं. तिळाचंही तसंच. इथल्या शाळांत मुलं एकमेकांचे डबे चाखतात, गणपतीला आणि शाळेच्या कार्यक्रमांना आपण घरून ताट घेऊन जातो. चटणीत दाणे नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तेलाचा विचारच करत नाही. मंडळी, घाण्याचं तेल वापरलेला पदार्थ बाहेर नेलात तर भांड्यावर चिठ्ठी लावा: शेंगदाणा तेल, तीळ तेल, जे असेल ते, आणि इंग्रजीतही लिहा. शाळेच्या डब्यासाठी तर ते तेल टाळलेलंच बरं. कोणाला खाल्ल्यावर ओठ सुजले, श्वास लागला, तर त्याचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ असेल तर ते लगेच द्या आणि १११ ला फोन करा. घरगुती उपाय करत बसू नका.

शेवटी ठेवणीतल्या दोन गोष्टी. हिवाळ्यात ऑकलंडच्या आपल्या गारठलेल्या स्वयंपाकघरांत शेंगदाणा तेल गढूळ दिसतं आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. ती भेसळ नव्हे, कोमट पाण्यात बाटली ठेवली की पूर्ववत होतं. आणि नवीन बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख मार्करने तिच्यावर लिहा. आमच्या घरी आता अर्ध्या लिटरच्या बाटल्या येतात, गॅसपासून लांबच्या कपाटात राहतात, आणि आई फोनवर अजून विचारते, “तेल कुठल्या तारखेचं आहे?”